मुलीचे विज्ञान सुटते कोठे?

परीक्षांचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून पेढ्यांचे पुडे फिरू लागतात. इंदूरचे रामबाग असो, ग्वाल्हेरचे लष्कर असो, बडोद्याचा दांडिया बाजार, बेळगावची टिळकवाडी की हैदराबादचे काचीगुडा असो, दृश्य सारखेच. या पुड्यांबरोबर जी नावे कानी येतात त्यांत मुलींची नावे आता अल्प नसतात. गणितात, विज्ञानात उत्तम गुण मिळविणाऱ्या मुली प्रत्येक आळीत आहेत. हे पाहून समाधान वाटते. परंतु त्याच मुलींचे पुढे काय झाले, हे दहा वर्षांनी विचारावयास गेले असता पुष्कळदा जे उत्तर मिळते ते ऐकून मन खट्टू होते. "हुशार होती हो, पण मग राहिलेच ते." या 'राहिलेच ते' मध्ये काय काय राहिले, आणि ते नेमके कोठे राहिले, याचा थोडा विचार या लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

हा केवळ आमच्या मनाचा समज नव्हे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक पाहणीनुसार २०२१-२२ साली देशात विज्ञान शाखेत शिकणारे सुमारे ५७ लाख विद्यार्थी होते आणि त्यांपैकी २९ लाखांहून अधिक मुली होत्या. म्हणजे विज्ञानाच्या वर्गात आज मुली मुलग्यांच्या पुढे आहेत! अभियांत्रिकीच्या पदवीवर्गात मात्र हे प्रमाण शंभरात सुमारे तिसांवर येते. आणि प्रत्यक्ष संशोधनाच्या कामात असलेल्या मनुष्यबळात स्त्रियांचा वाटा, २०१८ सालच्या आकड्यांप्रमाणे, सुमारे एक षष्ठांश होता. ओंजळीत घेतलेले पाणी तोंडापर्यंत येता येता जसे गळून जावे, तसे हे आहे. तेव्हा मुलींना विज्ञान शिकू द्यावे की नाही, हा वाद आता जुना झाला. त्यांचे विज्ञान टिकते कसे आणि सुटते कोठे, हा आजचा प्रश्न आहे.

इंदुरात जन्मलेल्या दोन बहिणी

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इंदूर येथील भागवतांच्या घरात एक मुलगी जन्मली. तिचे नाव कमला. तिची थोरली बहीण दुर्गा हिचा जन्मही इंदूरचाच, १९१० सालचा. दुर्गाबाई भागवत यांना मराठी वाचकांस ओळखून देण्याची गरज नाही. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक, लेखिका आणि १९७५ सालच्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा म्हणून त्या घरोघरी माहीत आहेत. त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे पुढे डॉ. कमला सोहोनी झालेल्या कमलाबाईंनी, रसायनशास्त्रात जे केले ते मात्र आपल्याच समाजात पुष्कळांना ठाऊक नाही.

कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेतून, ज्या संस्थेला आज आपण भारतीय विज्ञान संस्था म्हणतो, तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे बंधू होते. साहजिकच १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. उत्तम प्रकारे उत्तीर्ण झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते.

त्या काळची दुसरी कोणी मुलगी असती तर घरी परतली असती. घरच्यांनीही "मोठ्या माणसांपुढे काय बोलावे" म्हणून समजूत घातली असती. कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि आपल्याला प्रवेश का नाही याचे उत्तर मिळेपर्यंत हलणार नाही, असा सत्याग्रही पवित्रा त्यांनी घेतला. अखेर रामन नमले, पण अटी घालून. एक वर्ष ही मुलगी परीक्षाधीन राहील. तिच्या कामाच्या दर्जाविषयी संचालकांची खात्री झाल्यावाचून ते काम ग्राह्य धरले जाणार नाही. आणि तिच्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये! या अटी अपमानास्पद होत्या, हे कमलाबाईंना कळत होते. तरी त्यांनी त्या पत्करल्या आणि श्रीनिवासय्या या शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेरीस संचालकांची खात्री पटली. पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९४० साली ॲना मणी या तरुणीला रामन यांनी आपल्या स्वतःच्या प्रयोगशाळेत घेतले, हे ध्यानात घेतले म्हणजे एका मुलीच्या हट्टाने किती जणींची वाट मोकळी केली ते समजते.

कमलाबाई तेथून केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम महाविद्यालयात राहून, सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्यासारख्या नोबेल विजेत्या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या विभागात त्यांनी काम केले. बटाट्याच्या पेशींवर प्रयोग करीत असता त्यांना 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, असे आढळले. पेशी श्वसन करतात, म्हणजे अन्नातून शक्ती मिळवितात, त्या क्रियेत या द्रव्याचे काम फार महत्त्वाचे असते. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. त्याच वर्षी त्या स्वदेशी परतल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. ताडामाडांच्या नीरेत कोणती पोषणद्रव्ये असतात, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना तिचा उपयोग कसा होईल, यावरील त्यांच्या संशोधनाला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. त्या संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे आले, पण ते यावयास हवे होते त्यापेक्षा काही वर्षे उशिरा आले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांच्या चळवळीत पडून, १९८२-८३ मध्ये कन्झ्यूमर गायडन्स सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९९८ साली त्यांचे देहावसान झाले.

ही हकीकत आम्ही विस्ताराने सांगितली ती केवळ अभिमानासाठी नव्हे. तिच्यात आपल्या प्रश्नाची निम्मी उत्तरे आहेत. कमलाबाईंना घरातून विरोध झाला नाही. घरी प्रयोगशाळेची भाषा बोलली जात होती. अपमान झाला तेव्हा कोणी "सोडून दे" म्हणाले नाही. श्रीनिवासय्यांसारखा मनापासून शिकविणारा गुरू भेटला. आणि विवाहानंतर काम थांबले नाही. यांतले एक जरी उणे असते तरी कदाचित आज हे नाव आपण घेत नसतो. त्याच घरातील थोरलीला साहित्याची आणि लोकजीवनाची ओढ होती. तिला कोणी बळेच प्रयोगशाळेत ढकलले नाही. ज्या घरातून एक दुर्गाबाई आणि एक कमलाबाई निघाली, त्या घराने दोघींचाही कल ओळखला, यातच त्या घराचे मोठेपण आहे. आमचाही आग्रह प्रत्येक मुलीने विज्ञानच घ्यावे असा नाही. जिला ते आवडते, जिला ते जमते, तिचे ते सुटू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पहिली पायरी : गणिताचा बागुलबुवा

विज्ञान सुटण्याची पहिली जागा शाळेतच असते, आणि तिचे नाव गणित. आठवी-नववीत एखाद्या चाचणीत कमी गुण पडले की मुलग्याला शिकवणी लावली जाते, मुलीला मात्र "जाऊ दे, तुला कुठे इंजिनिअर व्हायचे आहे" असे सांत्वन मिळते. हे सांत्वन प्रेमाचेच असते, यात शंका नाही. पण त्या प्रेमळ वाक्याने जेवढ्या मुलींची वाट बंद केली तेवढी कठोर वाक्यांनीही केली नसेल.

पूर्वी तर ही गोष्ट अभ्यासक्रमातच होती. अनेक शाळांतून मुलींना उच्च गणिताऐवजी गृहविज्ञान घेण्याची सोय असे, आणि सोय म्हणता म्हणता तीच रीत होऊन बसे. हा भेद नसावा, असे स्वच्छपणे सांगणाऱ्यांत बडोद्याचे एक नाव अग्रभागी आहे. बडोदे संस्थानच्या दिवाणांची कन्या आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसाबेन मेहता. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६०नंतरच्या दशकात मुलगे व मुली यांच्या अभ्यासक्रमांचा विचार केला आणि स्त्रीपुरुष या भेदावरून विषय वेगळे ठरवू नयेत, असा निर्वाळा दिला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तोच विचार पुढे नेला आणि शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे सर्वांना गणित व विज्ञान असावे असे सुचविले. विशेष म्हणजे आपल्या विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा उभारण्यात याच हंसाबेनांचा पुढाकार होता. गृहविज्ञानाचा त्यांनी कमीपणा मानला नाही. ते मुलीवर लादू नये, एवढेच त्यांनी सांगितले. अभ्यासक्रमातील भेद आता गेला आहे. घरांतील गेलेला नाही.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांत या बागुलबुव्याला आणखी एक साहाय्यक मिळतो. तो म्हणजे भाषेचा गोंधळ. आई मराठी शाळेत शिकलेली असेल तर तिच्या लेखी 'अणू' म्हणजे इंग्रजीतला ॲटम आणि 'रेणू' म्हणजे मॉलेक्यूल. मुलगी हिंदी माध्यमात असेल तर तिच्या पुस्तकात ॲटमला 'परमाणु' म्हटलेले असते आणि मॉलेक्यूलला 'अणु'. गुजराती, कानडी आणि तेलुगू पुस्तकांतही हीच रीत. म्हणजे आई पाण्याचा 'रेणू' समजावते, मुलीच्या पुस्तकात तो 'अणु' असतो, आणि आईचा 'अणू' तिकडे 'परमाणु' होऊन बसलेला असतो! अपूर्णांकाला हिंदीत 'भिन्न' म्हणतात. मराठी कानाला 'भिन्न' म्हणजे निराळे. दोन दिवस असा घोळ झाला की आई म्हणते, "आमच्या वेळचे निराळे होते, मला नाही बाई येत." आणि मुलगी मनात खूणगाठ बांधते की आईला विज्ञान येत नाही, तेव्हा मलाही ते न आले तरी चालेल.

यावर उपाय फार सोपा आहे. वहीच्या मागल्या पानावर तीन रकाने आखावेत. एकात शाळेच्या भाषेतला शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी देवनागरीत लिहिलेला. हे पान आईने आणि मुलीने मिळून भरावे. वर्षाअखेरीस शंभर-सव्वाशे शब्दांचा एक कोशच तयार होतो. मुलीची मराठी टिकते, आईची भीती जाते, आणि एकच वस्तू तीन नावांनी ओळखता आली म्हणजे ती वस्तू खरोखर समजली आहे की नाही हेही पडताळून पाहता येते. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आणि पुस्तके या कामी चांगली उपयोगी पडतात. आपल्या मंडळांच्या ग्रंथालयांनी ती अवश्य मागवावीत.

आणि उदाहरणे? ती स्वयंपाकघरातही भरपूर आहेत. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, हे मुलीला विचारावे. वाफ कोंडल्याने दाब वाढतो, दाब वाढल्याने पाणी शंभर अंशांवर न उकळता सुमारे १२० अंशांवर उकळते, आणि अधिक तापलेल्या पाण्यात डाळ लवकर शिजते. विरजण उन्हाळ्यात लवकर का लागते आणि हिवाळ्यात का लागत नाही, हेही विचारावे. मात्र एक पथ्य पाळावे. मुलीला कुकर आणि मुलग्याला सायकलचा पंप, अशी उदाहरणांची वाटणी करू नये. फ्यूज उडाला तर तो बसविताना मुलीला जवळ उभे करावे आणि डाळ शिजताना मुलग्याला.

दुसरी पायरी : जवळचे महाविद्यालय

बारावीनंतर दुसरी पायरी येते. येथे मुलीच्या बुद्धीपेक्षा अंतराची मोजमापे अधिक होतात. मुलग्याचे महाविद्यालय निवडताना ते किती चांगले आहे हे पाहिले जाते. मुलीचे निवडताना ते किती जवळ आहे हे. "बी.एस्‌सी. करील, स्थळ येईपर्यंत वेळ चांगला जाईल" हा विचार उघड कोणी बोलत नाही, पण प्रवेशअर्ज भरताना तो टेबलाशी बसलेला असतो. विज्ञान शाखेत मुली निम्म्याहून अधिक आणि अभियांत्रिकीत शंभरात तीस, या आकड्यांमागची इतरही कारणे असतील, परंतु हे एक कारण निश्चित आहे. अभियांत्रिकीला पैसा अधिक लागतो, बाहेरगावी राहावे लागते, आणि दोन्हींचा पहिला हक्क मुलग्याचा, असे आपण न बोलता ठरवून टाकलेले असते.

भीती अगदीच निराधार नाही, हे आम्हांस मान्य आहे. पोरीला परगावी वसतिगृहात ठेवताना आईबापांच्या पोटात कालवाकालव होणारच. शिवाय ज्या जागी मुली येतील अशी कोणी कल्पनाच केलेली नाही, अशा जागाही पुष्कळ होत्या. श्रीमती सुधा मूर्ती यांनी आपली हकीकत अनेकदा सांगितली आहे. हुबळीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्या शिकत होत्या तेव्हा त्यांच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, आणि तेथे स्त्रियांसाठी स्वच्छतागृहही नव्हते. साडी नेसावी, कँटीनमध्ये जाऊ नये, मुलांशी बोलू नये, अशा अटीही त्यांना घातल्या गेल्या. १९३३ सालच्या अटी आणि या अटी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात! पुढे १९७४ साली टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे वाचून त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले. मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. एक पोस्टकार्ड, पण ते लिहिण्याचे धैर्य घरातून यावे लागते.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे, आणि ती पालकांनी माहीत करून घेतली पाहिजे. आयआयटी संस्थांत मुलींचे प्रमाण शंभरात आठ-दहाच राहते, हे पाहून २०१८ सालापासून तेथे मुलींसाठी जादा जागा निर्माण करण्यात आल्या. या जागा मुलग्यांच्या जागा कमी करून काढलेल्या नाहीत, हे लक्षात घ्यावे. दोन वर्षांत हे प्रमाण विसांपर्यंत नेण्याचे ठरले होते. तांत्रिक शिक्षण परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती तंत्रनिकेतनातील पदविका आणि अभियांत्रिकीची पदवी या दोहोंसाठी मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे आणि एका घरातील दोन मुलींपर्यंत ती मिळू शकते. नववी ते बारावीच्या मुलींसाठी केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१९-२० मध्ये 'विज्ञान ज्योती' हा उपक्रम सुरू केला. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम व मुदती तेवढ्या पाहून घ्याव्यात. फॉर्म भरण्याचा आळस हा आपल्या समाजाचा जुना रोग आहे. तो मुलीच्या वाटेत येऊ देऊ नये.

तंत्रनिकेतनाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. सर्वच मुलींना आयआयटीत जाता येणार नाही, आणि जाण्याचे कारणही नाही. दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका घेऊन हाताने काम करणाऱ्या, यंत्र उघडून ते पुन्हा जोडणाऱ्या मुलींची आपल्याला तितकीच गरज आहे. पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशही मिळू शकतो. "मुलगी आणि मशीनवर?" असे नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की शिवणयंत्र हेही यंत्रच आहे आणि ते दुरुस्त करणाऱ्या आज्या आपल्याच घरांत होऊन गेल्या.

तिसरी पायरी : लग्नानंतरचे विज्ञान

सर्वांत अवघड पायरी तिसरी. पदवी झाली, पदव्युत्तर परीक्षा झाली, संशोधन सुरू करावे असे वाटू लागले की मुलीचे वय बावीस-तेवीस झालेले असते. पीएच.डी.ला चार-पाच वर्षे सहज लागतात. म्हणजे संशोधनाची वर्षे आणि लग्नाची वर्षे एकच. मग 'स्थळ चांगले आहे, पुढचे लग्नानंतर पाहू' असे ठरते, आणि पुढचे पुढेच राहते.

येथे आम्ही वरपक्षालाही दोन शब्द सांगू इच्छितो. आपल्या वधूवर मेळाव्यांत "मुलीला नोकरी करू देऊ" असे मोठ्या उदारपणे सांगितले जाते. त्या 'करू देऊ' मध्येच मेख आहे. मुलाने तिकडे नोकरी करावी की नाही, हे कोणी कोणाला विचारत नाही. संशोधन करणाऱ्या मुलीला सायंकाळी सात वाजता प्रयोग अर्धा टाकून येता येत नाही. कधी सुट्टीच्या दिवशीही जावे लागते. कधी दुसऱ्या गावी सहा महिने राहावे लागते. हे स्थळ पाहतानाच स्पष्ट बोलावे. कांदेपोह्यांच्या बशीबरोबर हा प्रश्नही पुढे ठेवला तर पुढच्या कितीतरी गोष्टी टळतील. आणि मुलीच्या बापानेही, "तसे काही नाही हो, आमची सगळे सांभाळून करील" असे परस्पर आश्वासन देऊ नये. सगळे सांभाळणारी ती एकटी कशी राहील?

मूल झाल्यावर काही वर्षे काम सुटले तरी दार कायमचे बंद होत नाही, हेही पुष्कळ घरांत ठाऊक नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना प्रबंधासाठी दोन वर्षांपर्यंत अधिक मुदत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. कामात खंड पडलेल्या स्त्रीशास्त्रज्ञांना पुन्हा संशोधनाकडे आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान विभागाने २००२च्या सुमारास खास योजना सुरू केली. अशा योजनांची नावे मधूनमधून बदलतात, पण हेतू तोच आहे. पाचसहा वर्षे घरी असलेल्या सुनेला तिच्या सासूने "तुझे ते राहिलेले पूर्ण कर, पोराला मी पाहते" असे म्हणावे, यासारखी शिष्यवृत्ती सरकारही देऊ शकणार नाही.

अशा घरांना काय मिळते? नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत यांचे नाव घेऊ. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्या सागरी जीवांचा अभ्यास करीत होत्या. १९८३-८४ सालच्या तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर त्या अंटार्क्टिकावर गेल्या. त्यांच्यासह त्या हिमखंडावर पाऊल ठेवणाऱ्या दुसऱ्या भारतीय स्त्री म्हणजे भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. वर उल्लेखिलेल्या ॲना मणींना एम.एस्‌सी. नव्हती म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली, तरी त्या थांबल्या नाहीत. १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत येऊन त्यांनी हवामानाची उपकरणे देशातच बनविण्याच्या कामात आयुष्य घातले. २०१९ सालच्या चांद्रयान-२ मोहिमेच्या प्रकल्प संचालक आणि मोहीम संचालक या दोन्ही जागांवर स्त्रिया होत्या. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी २०२२ साली प्रथमच एक स्त्री आली. ही वाट आता अनोळखी राहिलेली नाही.

आपण काय करावे?

उपदेश पुष्कळ झाला. आता थोडे करण्याजोगे सांगतो.

आपली महाराष्ट्र मंडळे आणि समाज गणेशोत्सवात मुलींसाठी रांगोळी, पाककृती, भावगीत यांच्या स्पर्धा घेतात. त्या अवश्य घ्याव्यात. त्यांच्याच जोडीला एक संध्याकाळ प्रयोगांची ठेवावी. लिंबाच्या रसावर दिवा लावून दाखविणारी सातवीतली मुलगी व्यासपीठावर आली की खालच्या शंभर मुली पाहतात, आणि त्यांच्या आयाही पाहतात. वक्ता बोलवावयाचा तर एखाद्या वर्षी गावातीलच शिक्षिका, अभियंता किंवा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ भगिनीला बोलवावे. इंदुरात राजा रामण्णा केंद्र आहे, गोव्यात समुद्रविज्ञान संस्था आहे, हैदराबादेत तर प्रयोगशाळांची रांगच आहे. तेथे काम करणाऱ्या मराठी स्त्रिया शोधल्यास सापडतील.

मंडळांच्या शिष्यवृत्त्या बहुधा गुणानुक्रमे दिल्या जातात आणि एका वर्षात संपतात. त्यांतील एखादी अशी असावी की ती विज्ञान वा तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलीला अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत दरवर्षी मिळेल. रक्कम लहान असो. सातत्य असले म्हणजे बाप पहिल्याच वर्षी हिशेब मांडताना कचरत नाही. ज्या गावी आपली मंडळे आहेत तेथे परगावच्या मुलींना राहण्यासाठी चार विश्वासाच्या घरांची यादी करून ठेवली, तर वसतिगृहाची निम्मी धास्ती कमी होईल. बडोद्याच्या मुलीला इंदुरात, इंदूरच्या मुलीला हैदराबादेत एक मराठी घर असावे. बृहन्महाराष्ट्र या शब्दाला याहून चांगला अर्थ कोणता असू शकेल?

आणि शेवटी घर. मुलीच्या अभ्यासाची वेळ ही घरकामातून उरलेली वेळ नसावी; ठरलेली असावी. पाहुणे आले तर चहा तिच्या भावाने टाकावा. तिने एखादा प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, मिळून पाहू" असे म्हणावे. हे वाक्य म्हणजेच विज्ञानाची सुरुवात आहे. गुण कमी पडले तर तिला सोपा विषय सुचवू नये; कोणता भाग समजला नाही ते विचारावे. आणि कोणी तिला अटी घालू लागले, तर त्या अटींच्या बाजूने नव्हे, तिच्या बाजूने उभे राहावे.

भागवतांच्या घराने हे केले तेव्हा त्यांच्यापुढे आकडे नव्हते, शिष्यवृत्त्या नव्हत्या, उदाहरणेही फारशी नव्हती. आपल्यापाशी हे सारे आहे. यंदाच्या निकालानंतर ज्या घरांत पेढे वाटले गेले, त्या घरांतील मुलींचे विज्ञान दहा वर्षांनीही त्यांच्याबरोबर असावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. ते व्हावे यासाठी आपण या आठवड्यातच तिच्याशी बसून तिला काय शिकावयाचे आहे ते विचारावे, आणि तिचे उत्तर मध्ये न बोलता ऐकून घ्यावे.